वाशिष्ठीची खाडी, गोवळकोट ते दाभोळ: पुण्याहून निघणाऱ्या एका सहलीबद्दल

आधी पैशांचं सांगतो, कारण फोन करणारा प्रत्येक जण तेच आधी विचारतो. माणशी साडेआठ हजार. त्यात पुण्याहून जाणं-येणं, दोन मुक्काम, जेवणखाण, होडीचं आणि फेरीबोटीचं भाडं सगळं आलं. स्वारगेटहून चिपळूणची एसटी धरून स्वतःच्या हिमतीवर गेलात तर निम्म्यात भागेल. पण गोवळकोटपासून दाभोळपर्यंत अख्खी खाडी होडीतून उतरत जायची सोय एकट्यादुकट्याला सहजी होत नाही, आणि या सहलीचा जीव तेवढ्यातच आहे. बाकी सगळं वर-खाली चालतं.

सहल काढणारी मंडळी कोथरूडची, चार-पाच जणांचा कारभार. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांना स्वतंत्र पत्राने कळवल्या आहेत. ज्यांना जायचं आहे त्यांना शोधून काढणं अवघड नाही.

मी कोण, तर पाटबंधारे खात्यातला निवृत्त आरेखक. सिंचन भवनात धरणांचे आणि कालव्यांचे छेद काढण्यात नोकरी संपली. आमच्या कागदावर पाण्याचा बाण एकदा काढला की काढला, तो एकाच दिशेला राहतो. खाडीत तो दिवसातून चारदा उलटतो. त्यामुळे सहलीच्या पत्रकात ‘भूगोल आणि इतिहास’ असं वाचल्यावर आमच्या हिने नाक मुरडलं तरी मी पैसे भरून टाकले. बरोबर मेहुणी आणि साडूभाऊ. साडूभाऊ बँकेतून निवृत्त, राहणार सदाशिव पेठ, त्यामुळे हिशेब विचारण्याचं काम त्यांच्याकडे.

तारीख ठरवताना या मंडळींनी कॅलेंडरवरचा लाल रविवार न बघता तिथी बघितली, हे मला पहिल्यांदा आवडलं. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, मध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. मिनिटाचा काटा धरून बसू नका, पण होडी सोडायला एवढं पुरतं. आमची होडी माघातल्या एकादशीला सुटायची होती. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नाही, की अष्टमीची भांगाची मरगळलेली भरती नाही, मधलं पाणी. साडूभाऊंना मात्र त्यात ‘आपला उपास यांनी मुद्दाम साधला’ असं वाटलं.

पहिला दिवस रस्त्याचा. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. बस सतरा सीटर, मागच्या रांगेत गुडघे पुढच्या सीटला टेकतात. नेहमीच्या सहलीत हा वेळ अंताक्षरीत जातो. इथे बरोबर भूगर्भशास्त्र शिकलेली तिशीतली एक मुलगी होती, तिला सगळेच ‘ताई’ म्हणत होते, माझ्यापेक्षा मोठे आजोबासुद्धा. पाटणपर्यंत ती गप्प होती, लोकांना झोपू दिलं. कोयनानगरला चहा झाल्यावर मात्र माइक हातात घेतला आणि चिपळूणपर्यंत सोडला नाही.

कोयना ही कृष्णेची उपनदी. कराडला प्रीतिसंगमावर मिळते, पुढे बंगालच्या उपसागरात जाते, हे शाळेतलं. पण शिवसागर जलाशयातलं पुष्कळसं पाणी त्या वाटेने जातच नाही. ते बोगद्यातून पश्चिमेला नेलेलं आहे. सह्याद्रीच्या पोटातून साडेचारशे मीटरहून जास्त खाली पोफळीला पडतं, तिथे वीज करतं, कोळकेवाडीच्या धरणात अडतं, पुन्हा वीज करतं आणि मग वाशिष्ठीत सोडलं जातं. वर्षाला पश्चिमेकडे वळवायची मर्यादा ६७.५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). पुणेकराला आकडा कळावा म्हणून सांगतो: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही आपली चारही धरणं काठोकाठ भरली तर २९.१५ टीएमसी होतात. म्हणजे आपल्या चार धरणांच्या दुपटीहून जास्त पाणी या एका नदीत वरून येऊन पडतं. कोकणातल्या नद्या संक्रांतीनंतर खडक दाखवायला लागतात. वाशिष्ठी तशी आटत नाही, त्याचं कारण हे. आणि वीज जास्त लागते त्या वेळी कोयना जास्त चालवतात, म्हणून पाणीही दिवसभर एका मापाने येत नाही.

साडूभाऊ म्हणाले, “अहो, म्हणजे आपण पुण्यात सकाळी गिझर लावले की इकडे नदी वाढते?” ताई हसली, पण ‘नाही’ म्हणाली नाही.

कुंभार्लीच्या माथ्याखाली एका वळणावर बस थांबवून तिने खालचा पट्टा दाखवला. तिथे सांगितलेली गोष्ट मला पुढचे दोन दिवस उपयोगी पडली. बंदर दाभोळला असलं तरी माल दाभोळला उतरून संपत नसे. गलबतं आणि पडाव भरतीबरोबर खाडीत शिरत, चाळीसेक किलोमीटर आत गोवळकोटच्या धक्क्याला लागत, आणि तिथून बैलांच्या पाठीवर माल कुंभार्ली चढून कऱ्हाडकडे आणि पुढे विजापूरकडे जाई. भरती ही या रस्त्याची फुकटातली बैलजोडी. चिपळूण हे गाव समुद्रावर नसूनही बंदर का झालं, याचं उत्तर त्या वळणावर उभं राहिलं की मिळतं: भरतीचं पाणी जिथवर होडी नेतं आणि घाट जिथून चढायला लागतो, त्या दोन्हींच्या मध्ये ते बसलं आहे.

चिपळूणच्या मुक्कामाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लॉज स्वच्छ, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. तळमजल्याच्या भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ त्यांनी तशीच ठेवली आहे, ती माझ्या डोक्याच्या वर जाते. ताईने तिथे एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्या साली गुरुपौर्णिमा २४ जुलैला होती. म्हणजे डोंगरात पाऊस कोसळत असताना खालून उधाणाची भरती चढत होती, आणि पुराच्या पाण्याला उतरायला वाट मिळेना. पूर फक्त त्यानेच आला असं ती म्हणाली नाही. धरणातून सोडलेल्या पाण्यावरून झालेले वादही तिने सांगितले आणि दोन्ही बाजू मांडून थांबली. सहलीत असं थांबता येणारा माणूस क्वचित भेटतो.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला गोवळकोटहून होडी सुटली. एकादशीची भरती मुखाशी सव्वाआठला पूर्ण, पण ती इतक्या आत पोचायला वेळ घेते, म्हणून हा उशीर. धक्क्याच्या पायरीवर ताईने एक रंगवलेली काठी उभी धरून ठेवली होती. सेंटिमीटरच्या खुणा, आमच्या लेव्हलिंगच्या स्टाफसारख्या. पाणी एका खुणेवर आलं, थांबलं, पाच मिनिटं हललं नाही. पाण्यावरचं एक पळसाचं पान होतं तिथेच फिरत राहिलं. मग हळूच समुद्राकडे सरकायला लागलं. होडी चालवणारा तांडेल म्हणाला, “सुकती लागली. बसा आता, पाणीच नेईल.” भरती-ओहोटीची आकृती मी पुस्तकात पाहिली आहे, पण ते पान सरकताना बघणं वेगळं. त्या पाच मिनिटांसाठी मी साडेआठ हजारांतले हजार द्यायला तयार आहे.

होडी यांत्रिक, वर ताडपत्रीचं छप्पर, बाकं लाकडी. लाइफ जॅकेट सगळ्यांना दिली, पण बांधायला कुणी लावली नाहीत. निम्म्यांनी ती उशी म्हणून वापरली. हे बरोबर नाही. दुसरी आणि मोठी तक्रार: साडेचार तास होडीत, आणि स्वच्छतागृह नाही. मध्ये एका गावच्या धक्क्याला थांबवू असं पुण्यात सांगितलं होतं. थांबवलं, पण ओहोटीने तो धक्का चिखलात गेलेला, उतरता येईना. बायकांची आणि साखरेच्या पेशंटची अडचण झाली. जे लोक होडी भरतीच्या हिशेबाने सोडतात त्यांनी हा हिशेबही आधी करायला हवा होता.

मगरी. पत्रकावर मगरीचा मोठा फोटो आहे, म्हणून बरेच जण त्यासाठीच आलेले. पहिला तासभर एकही नाही. कुरकुर सुरू झाली. ताई म्हणाली, भरतीला काठ बुडलेले आहेत, त्यांना उन्हात पडायला जागाच नाही. चिखल उघडा पडू द्या. तसंच झालं. पाणी हातभर उतरल्यावर एका वळणाच्या आतल्या बाजूला चिखलाची पट्टी निघाली आणि तिच्यावर एक, पुढे दोन, पुढे एक भलीमोठी, जबडा उघडा टाकून पडलेली. या गोड्या पाण्यातल्या मगरी; समुद्रातल्या खाऱ्या पाण्यातल्या त्या वेगळ्या, त्या आपल्या कोकणात नाहीत. गोड्या पाण्यातलं जनावर खाडीत कसं, याचं उत्तर पुन्हा वरच्या पाण्यात आहे. वाशिष्ठीत गोडं पाणी सतत येत असल्याने खाडीचा वरचा भाग फारसा खारट होतच नाही.

हे नुसतं सांगून सोडलं नाही, मोजून दाखवलं. तिच्याजवळ पाण्याची घनता मोजायचा काचेचा हायड्रोमीटर (गोड्या पाण्यात आकडा १०००, पाणी जितकं खारट तितका आकडा जास्त) आणि एक शिसं बांधलेली बाटली होती. बाटलीला दोन दोऱ्या, एक बाटलीची, एक बुचाची. तळाला सोडायची, बुचाची दोरी हिसडायची, बुडबुडे आले की वर ओढायची. गोवळकोटला वरचं पाणी जवळजवळ गोडं, आकडा १०००च्या जेमतेम पुढे. मधल्या टप्प्यात वरचं पाणी १००८, तळाचं १०१३. दाभोळजवळ १०२२. समुद्राचं पाणी साधारण १०२५. मधल्या ठिकाणचे दोन आकडे बघा: एकाच जागेवर वर हलकं, खाली जड. गोडं पाणी वरून समुद्राकडे चाललेलं आणि खारं पाणी पाचरीसारखं त्याच्याखालून आत घुसलेलं. माझ्या हाताने मी दोन्ही बाटल्या भरल्या, म्हणून खात्रीने लिहितो. साडूभाऊंनी तळाच्या पाण्याचं बोट चाखलं आणि ‘उपासाला चालतं का’ असं विचारलं. त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली होती, दाण्याचं कूट भरपूर, तक्रार नाही. बाकीच्यांना पोळी, बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणी, केळीच्या पानात बांधून.

दोन्ही काठांना कांदळवन. ताईने होडी काठाशी लावायला सांगून तिवराची फांदी पुढे ओढली. पानावर बारीक पांढरे कण, जिभेवर मीठ. झाड मुळातून आलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. कांदळाचं तंत्र निराळं: त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर हिरवा दांडा लोंबायला लागतो आणि ओहोटीत खाली पडला तर थेट चिखलात उभा रुततो. पांढरी चिप्पी मुखाच्या बाजूला. २०२० पासून ती महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. मध्येमध्ये जुनी खाजणं दिसतात. बांध घालून, त्यात उघाडी (पाण्याची झडप) बसवून खारं पाणी अडवायचं आणि आत भात काढायचा, ही कोकणची जुनी खारभूमीची पद्धत. जिथे बांध फुटला आणि कुणी बांधला नाही तिथे तिवरांनी शेत परत घेतलं आहे. एका ठिकाणी तिवरांच्या मधोमध जांभ्याच्या बांधाचा तुकडा सरळ रेषेत उभा होता. निसर्ग सरळ रेषा काढत नाही, म्हणून तो लगेच डोळ्यात भरतो. निदान आरेखकाच्या तरी.

खेडहून येणारी जगबुडी मिळते त्या बाजूला खाडी एकदम ऐसपैस होते. इथे ताईने सांगितलं की वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे-एक मीटर खाली होता आणि किनारा पुष्कळ पश्चिमेला. तेव्हा नदीने ही दरी खोदली. मग बर्फ वितळलं, समुद्र वर आला आणि दरीत घुसला. म्हणजे आपण जिला खाडी म्हणतो ती बुडालेली दरी. दोन्हीकडे एकदम उभे चढ, वर जांभ्याचे सपाट सडे आणि मधे एवढं पाणी का, ते या एका वाक्यात बसतं.

करंबवण्याच्या आसपास पाण्याचा रंग आणि वास बदलला. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी आणि मेलेली मासळी हा या खाडीतला जुना वाद आहे, खाडीवर जगणारे भोई आणि खारवी वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. ताईने विषय काढला, पण दोन वाक्यांत आटोपला. सहल काढणाऱ्यांना तिथे रोजचा संबंध ठेवायचा असतो हे समजतं. पण तांडेलाला तिने बोलू द्यायला हवं होतं. तो बोलायच्या बेतात होता. शेंगटी, काळुंद्र, चिंबोऱ्या, कालवं अशी यादी त्याने सुरू केली होती, कुठे काय मिळायचं आणि आता काय मिळतं. तेवढ्यात कुणाला तरी ग्रुप फोटो हवा झाला.

दोनच्या पुढे दाभोळ. मुखाशी नेमकी ओहोटी, वाळूचे उंचवटे उघडे. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने गुळगुळीत. आमच्या हिला दोघांनी हात धरून वर घेतलं. ज्येष्ठांसाठी एक फळी टाकली असती तरी चाललं असतं.

इथे ताईने माइक दुसऱ्यांकडे दिला. इतिहासाचे एक ‘सर’ पुण्याहून थेट दाभोळला आले होते. आवाज खणखणीत, हातवारे भरपूर, आणि सहलीचा तोल इथे गेला. दाभोळची शाही मशीद बघण्यासारखी आहेच: कोकणात विजापुरी धाटणीची अशी धड इमारत शोधून सापडत नाही. एक मोठा घुमट, कोपऱ्यांना मिनार, पुढे कारंज्याचा हौद, सतराव्या शतकातलं आदिलशाही काम. सरांनी अर्धा तास काय सांगितलं, तर विजापूरची शहजादी मक्केला निघाली, दाभोळला अडकली आणि बरोबरच्या पैशांतून तिने मशीद बांधली. ही गोष्ट गावात सांगतात, सांगावी. पण ‘असं सांगतात’ एवढे दोन शब्द सरांनी एकदाही वापरले नाहीत. वीस लाख, पंधरा लाख असे होनांचे आकडे मात्र बदलत होते. साडूभाऊंनी ते लिहून ठेवले होते आणि शेवटी विचारले. उत्तर मिळालं नाही.

आणि ज्याला पुरावा आहे ते राहून गेलं. १४७०च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी बहामनी मुलखात हिंडला आणि परतीचं जहाज त्याने याच दाभोळला धरलं. इथे घोडे उतरत, हे त्याने लिहून ठेवलं आहे. मला विचाराल तर धक्क्यावर उभं राहून सांगायची गोष्ट ती होती: अरबस्तानातून आलेला घोडा इथे उतरला, की दख्खनच्या पठारावर चढायची वाट आपण सकाळी होडीने उलटी उतरून आलो तीच. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा आरमार घेऊन आला आणि त्याने हे बंदर जाळलं, माणसं कापली. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराकडून मारला गेला होता, त्याचा सूड घ्यायला तो दीवला निघाला होता. दाभोळ वाटेत लागलं. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई त्याने जिंकली. सरांनी यावर एक वाक्य खर्च केलं. शिवाजी महाराजांनी अफझलखानाच्या वधानंतर लगोलग कोकणात मुसंडी मारून दाभोळ घेतलं, त्यावर दहा मिनिटं, तीही बरीचशी घोषणांची.

पुण्याच्या माणसाला जवळची अजून एक गोष्ट होती. बाळाजी विश्वनाथ भट पेशवे व्हायच्या आधी चिपळूणला मिठाच्या कामावर कारकून होते असं सांगतात. १७१३ ला त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. ज्या खाजणांतून आम्ही चार तास आलो, तिथल्या मिठाचा हिशेब ठेवणाऱ्याच्या मुलाने पुढे शनिवारवाडा बांधला. बसमध्ये आडनावांवरून निम्मे प्रवासी कोकणातून घाट चढून आलेल्यांचे वंशज असावेत, कान टवकारून ऐकलं असतं.

चंडिकादेवीचं देऊळ मात्र चुकवू नका. खडकातली गुहा, वाकून आत जायचं, विजेचा दिवा नाही, फक्त तेलाचे दिवे. मोबाइलचा दिवा लावू नका असं बाहेरच सांगतात आणि लोक ऐकतात. डोळे सरावायला मिनिटभर लागतं, मग हळूहळू मूर्ती दिसायला लागते. तिथे सरही गप्प होते.

संध्याकाळी फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला. बस, ट्रक, मोटारसायकली, माणसं सगळं एका तराफ्यावर. २००३ पासून ही सेवा आहे, त्याआधी गाडी घेऊन पलीकडे जायचं तर चिपळूणला वळसा. मुक्काम एका घरगुती ठिकाणी, अंगणात सुपारी, खोल्या साध्या. जेवण या सहलीतलं सगळ्यात चांगलं: तिसऱ्यांचं सुकं, बोयचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. शाकाहारी लोकांना कुळथाचं पिठलं आणि फणसाच्या कुयरीची भाजी. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वादशीचं पारणं म्हणून त्या माउलीने साडूभाऊंना न सांगता वेगळा वरण-भात केला. एवढ्यावर त्यांनी सहलीचे अर्धे गुन्हे माफ केले.

तिसरा दिवस मुखाच्या दक्षिण काठाचा. अंजनवेलचा गोपाळगड, आत आंब्याची कलमं, बाहेर खंदक आणि तट. आदिलशाही, मग मराठे, १६९९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी, १७४५ मध्ये तुळाजी आंग्रे (गोपाळगड हे नाव त्यांचं), पुढे पेशवे आणि १८१८ ला इंग्रज. तटावर उभं राहिलं की इतके जण या एका जागेसाठी का भांडले ते बोलून दाखवायला लागत नाही. खाडीत शिरणारं प्रत्येक शीड इथून मोजता येतं. टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह शेजारीच. तिथे ताई पुन्हा बोलली, आणि सहल पुन्हा रुळावर आली.

आणि मग ‘एन्रॉन’. लोक अजून तेच नाव घेतात. अमेरिकन कंपनीचा हा वीजप्रकल्प दाभोळच्या नावाने गाजला, पण तो आहे खाडीच्या या काठाला, अंजनवेल-वेलदूरकडे. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाशी करार, १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू, २००१ मध्ये दरावरून भांडण होऊन बंद, त्याच वर्षी अखेरीस अमेरिकेत मूळ कंपनीचं दिवाळं. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून तो रत्नागिरी गॅस म्हणून हातात घेतला. त्या वर्षांत खात्याच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नसे. दीपगृहाजवळून त्या चिमण्या बघताना ताई म्हणाली, “काका, खाडीच्या वरच्या टोकाला पोफळी आणि या टोकाला हे. दोन्ही वीजच.” मला हे सुचलं नव्हतं. पावसाच्या पाण्यावर चालणारी वीज एका टोकाला, जहाजातून आलेल्या गॅसवर चालणारी दुसऱ्या टोकाला, आणि मधे चाळीस किलोमीटर तिवरं.

परतीचा प्रवास दापोली, महाड, ताम्हिणीमार्गे. लांब. रात्री साडेअकराला चांदणी चौक.

एक मोठी उणीव राहिली ती पन्हाळेकाजीची. याच खाडीला मिळणाऱ्या कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. बौद्धांपासून नाथपंथापर्यंत शेकडो वर्षांचा वावर तिथे खडकात कोरलेला आहे. बंदर दाभोळ व्हायच्या कितीतरी आधीपासून या खाडीच्या फाट्याफाट्यांनी माणसं आत जात होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. परतताना दापोली तालुका आडवा जाता आणि पन्हाळेकाजी सोडता? विचारल्यावर ‘वेळेत बसत नाही’ असं उत्तर आलं. मशिदीतल्या शहजादीची गोष्ट आखडली तर बसेल.

जायचंच असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा. पावसाळ्यानंतर लगेच पाणी गढूळ असतं, एप्रिल-मेमध्ये होडीत भाजून निघाल. पैसे भरण्याआधी तिथी विचारा आणि पाऊणपट स्वतः करून बघा. होडी दुपारी बारानंतर सुटणार असेल तर दाभोळला पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि देऊळ घाईत उरकतं. मधल्या थांब्याचा धक्का ओहोटीत वापरता येतो का, हे नाव घेऊन विचारा. मागची रांग घेऊ नका. दुर्बीण न्या, त्यांच्याकडे एकच आहे आणि ती पहिल्या बाकावरून पुढे येत नाही. ताई कुठल्या तुकडीबरोबर जाणार ते विचारून त्याच तुकडीत नाव घाला. माझ्या पत्राला त्यांचं उत्तर आलं आहे: फळी आणि थांबा यांचं मान्य, लाइफ जॅकेटचं मान्य, इतिहासाबद्दल ‘आपल्या भावना सरांपर्यंत पोचवू’. पन्हाळेकाजी घेऊन पुढची आखणी करणार असाल तर आमची तीन नावं धरा, असं मी कळवलं आहे. साडूभाऊंचं विचारलं, तर ते म्हणाले, आधी होनांचा हिशेब येऊ दे.